श्रीहरीकाकांची फिरती पाटी

श्रीहरीकाकांची कुणाशीही नवी ओळख झाली, की चहा संपायच्या आत ते त्या माणसाला सांगतात, की तो दीडशे वर्षांपूर्वी असता तर एव्हाना गेला असता. कशाने, तेही सांगतात. माझे बाबा कॉलऱ्याने. आई बाळंतपणात, म्हणजे मला आणताना. आणि मी त्यातूनही वाचले असते, तर शाळेत जायच्या आत स्कार्लेट फीवरने.

"म्हणजे कसंय बघ, मैथिली," काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "तू आत्ता ही बाकरवडी खातेयस ना, ती स्टॅटिस्टिकली बघायला गेलं तर तू खात नाहीयेस."

मग हसतात. हसतात म्हणजे नाकातून फुस, फुस, फुस हवा सोडतात, सायकलचा पंप मारल्यासारखी. हे हसणं मला हुबेहूब जमतं. एकदा मी ते अनघाकाकूंच्या पाठीमागे केलं, तर त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "श्री, गॅस बंद कर."

आम्ही तोक्योतल्या हिगाशी-कसाईत एकाच इमारतीत राहतो, काका चौथ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. इमारतीत अर्धी आपली माणसं, सगळी आयटीतली, आणि अर्धे जपानी म्हातारे, जे इमारत नवी असल्यापासून तिथे आहेत. काका आयटीत नाहीत. ते तोक्योच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहेत आणि त्यांचं सगळं संशोधन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीगावातल्या एका वस्तीवर आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली वस्ती. तिथे कोण, कधी, कशाने मेलं, हे काकांना पाठ आहे. पुण्याचा माणूस तोक्योत बसून इंग्लंडमधले मेलेले मोजतो, हे माझ्या बाबांना कधीच झेपलं नाही. "मोघ्यांच्या श्रीहरीचं डोकं चांगलं होतं हो," असं ते भूतकाळात बोलतात.

दिवाळीला मी फराळ घेऊन गेले, तेव्हा काका फारच खुशीत होते. त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"कालव्याच्या काठी एक गल्ली होती," चिवड्यातले दाणे वेचत ते म्हणाले. "घाणेरडी. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, गटार दारातून. आजूबाजूला टायफसने माणसं पटापट मरतायत. त्या वेळी असा कायदा होता, की दर हजारी तेवीसच्या वर माणसं मेली, की लंडनहून इन्स्पेक्टर येऊ शकायचा. आणि ही गल्ली? तेवीसच्या किती तरी खाली! तिथला आरोग्य अधिकारी लिहितो, आदर्श गल्ली. मी दोन वर्षं डोकं आपटतोय. पाणी वेगळं होतं का? दूध वेगळं होतं का?"

"मग?"

"मग काही नाही. गल्लीतलं कुणी आजारी पडलं, की उचलून कालव्यापलीकडच्या गरिबांच्या इस्पितळात न्यायचे. तो भाग दुसऱ्या हद्दीत. माणूस तिकडे मेला, की तिकडच्या हिशेबात. गल्ली बेस्ट! कुणी मरतच नाही!" फुस, फुस, फुस.

"शी, काका."

"शी काय? म्हणजे कसंय, माणूस कुठे जगला ते कुणी विचारत नाही. कुठे मेला ते विचारतात."

आता पाटीबद्दल.

आमच्या इमारतीत रहिवाशांचं मंडळ आहे आणि प्रत्येक मजल्याला एक प्रमुख असतो, हान्च्यो. तो दर एप्रिलला बदलतो, घरांच्या ओळीने. गेल्या एप्रिलला चौथ्या मजल्याचा नंबर काकांवर आला. अनघाकाकू म्हणाल्या, "सरळ नाही म्हणून सांग, आपल्याला भाषा येत नाही." पण मंडळाचे अध्यक्ष दारात येऊन वाकून जे काही बोलले, त्याला काकांनी प्रत्येक वेळी "हाय, हाय", म्हणजे हो, हो, असं म्हटलं, कारण त्यांना तेवढंच येतं. अध्यक्ष खूश होऊन गेले. काका आत येऊन म्हणाले, "काहीतरी झालंय. मैथिलीला बोलाव."

तेव्हापासून मी त्यांची दुभाषी. मी इथल्या शाळेत जाते, त्यामुळे मला सगळ्यांचं बोलणं कळतं आणि सगळ्यांसारखं बोलताही येतं.

हान्च्योचं मुख्य काम म्हणजे काइरानबान, फिरती पाटी. एक क्लिप लावलेलं पुठ्ठ्याचं बोर्ड, त्यात मंडळाची पत्रकं. मोठा कचरा कुठल्या दिवशी, भूकंपाची ड्रिल कधी, कबुतरांना खायला घालू नका. वर एक कागद, त्यावर प्रत्येक घराचं नाव आणि नावापुढे रिकामा चौकोन. आपण वाचायचं, आपल्या चौकोनात सही करायची आणि पाटी शेजारच्या दाराच्या कडीला अडकवायची. त्याने पुढच्या. काकांनंतर मोरिता-सान, मग दोन घरं आणि शेवटी कुबोता-सान.

काका म्हणाले, "व्हॉट्सॅप ग्रुप करा ना."

मी हे भाषांतरित केलं नाही.

कुबोता-सान आधी रेल्वेत होते. अजूनही सगळं बोलणं प्लॅटफॉर्मवरच्या घोषणेसारखं. पाटी जरा उशिरा आली, की काकांच्या दारात ताठ उभे. "मोगे-सान. पाटी. अजून. आलेली नाही." प्रत्येक शब्दानंतर गाडी सुटेल एवढी जागा. पाटी हातात आली, की आधी सगळे चौकोन वरून खाली बोटाने तपासायचे, कुणाची सही आहे, कुणाची नाही. मला वाटायचं, खडूस म्हातारा, याला उद्योग नाही. काकांना उलट ते फार आवडायचं. "हा माणूस माझ्या वस्तीत हवा होता," ते म्हणायचे.

मोरिता-सान एकट्या. ऐंशीच्या पुढच्या, चिमणीएवढ्या. दार उघडलं, की "आराऽ माऽ", म्हणजे अगंबाई, असं वरच्या पट्टीत सुरू करून खाली घसरत यायच्या, जसं काही आपण घसरगुंडीवरून त्यांच्या अंगणात पडलोय. काकांचा अद्वैत, पहिलीतला, त्यांचा लाडका. तो त्यांना बाआचान म्हणायचा, म्हणजे आजी. शाळेतून आला, की आधी त्यांचं दार, मिकान, म्हणजे ती छोटी संत्री, दोन खिशांत दोन, मग स्वतःचं घर.

"अद्वैत, जेवायला चल."

"चोत्तो माते!" म्हणजे थांब जरा.

"चोत्तो माते काय, पोळी गार होतेय!"

"बाआचान नो तोको!" म्हणजे आजीकडे आहे. आईशीही तो जपानीतच बोलतो. अनघाकाकू मराठीत ओरडतात, तो जपानीत उत्तर देतो, मोरिता-सानना दोन्हीकडचं काही कळत नाही, तरी त्या हसत मान हलवायच्या.

डिसेंबरात इन्फ्लुएंझा आला. दर वर्षी येतो, पण या वेळी फारच. शाळेत वर्गच्या वर्ग बंद. अद्वैतचा वर्ग बंद झाला, त्याच दिवशी तो तापला. मग काकू, मग काका. आई रोज वरून वरणभात करून दारात ठेवायची. काका तापातही दाराआडून ओरडून सांगायचे, "माझ्या वस्तीत आत्तापर्यंत दोघं तरी गेले असते!" आई म्हणायची, "शुभ बोल रे."

ते तिघं बरे झाले. अद्वैत तर तीन दिवसांत पलंगावर उड्या मारायला लागला. आणि मग भिंतीपलीकडून खोकला यायला लागला.

काकांनी मास्क लावून मोरिता-सानच्या दारावर टकटक केली. मी सोबत होते. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "दाइजोबु, दाइजोबु." ठीक आहे, ठीक आहे. घसरगुंडी नव्हती, सपाट आवाज होता.

"डॉक्टरकडे येता का म्हणून विचार."

विचारलं. दाइजोबु. औषध आहे का? दाइजोबु. काही आणून देऊ? तुम्हाला त्रास नको, मेइवाकु नको. या शब्दाशी माझ्या वर्गातली मुलंसुद्धा अडतात. आपला दुसऱ्याला त्रास होणं, हे मरण्यापेक्षा वाईट असतं इथे.

त्या आठवड्यात वर्षअखेरची पाटी आली. कचऱ्याची गाडी सुट्टीत येणार नाही, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवा वगैरे. काकांनी आपल्या चौकोनात सही केली, पाटी घेऊन बाहेर आले, मोरिता-सानच्या दाराकडे बघितलं आणि तिथेच भिंतीवर कागद धरून त्यांच्या चौकोनातही सही ठोकली.

"श्री! हे काय करतोयस?" काकू.

"अगं, म्हातारी आजारी आहे. उठायचं, दारात यायचं, पाटी घ्यायची, मग गारठ्यात पुढच्या दारापर्यंत जायचं, कशासाठी? कबुतरांसाठी? मीच देतो पुढे."

"पण सही?"

"चौकोन रिकामा दिसला तर तो कुबोता बोंबलत तिच्या दारात जाईल. कॉलेजात नव्हतो का करत? प्रॉक्सी!"

फुस, फुस, फुस. आम्ही पण हसलो. खरंच चांगलं वाटलं होतं तेव्हा, की काकांनी किती साधी युक्ती केली. त्यानंतर मंडळाचं आणखी एक पत्रक आलं, तेव्हाही त्यांनी तसंच केलं.

भिंतीतून टीव्हीचा आवाज यायचा. काकू घरून काम करतात, त्या कंटाळून म्हणायच्या, "ही बाई टीव्ही बंदच करत नाही." काका म्हणायचे, "चांगलंय ना. टीव्ही चालू आहे म्हणजे माणूस आहे."

काकूंनी मुगाची मऊ खिचडी केली, डबा पिशवीत घालून मोरिता-सानच्या कडीला अडकवला आणि दारावर टकटक करून आल्या. संध्याकाळी डबा तिथेच होता. झोपल्या असतील. दुसऱ्या दिवशी दुपारीही डबा तिथेच.

काका वर आले. दारात उभे राहून म्हणाले, "मैथिली, जरा येतेस?" 'म्हणजे कसंय' वगैरे काही नाही. आईने हातातलं काम टाकून माझ्याकडे बघितलं.

आम्ही दार वाजवलं. हाका मारल्या. आत टीव्हीवर लोक हसत होते.

मग फोन. आधी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला. तिथल्या बाईचा आवाज इतका गोड, की 'मोउशिवाके गोझाइमासेऽन' हे खालून सुरू होऊन छताला लागायचं. अत्यंत दिलगीर आहोत, पण भाडेकराराच्या जामीनदाराच्या परवानगीशिवाय दार उघडता येत नाही. जामीनदार कोण? मुलगा. त्याला कळवा मग. कळवलं आहे, ते उचलत नाहीत, पुन्हा करू. नंबर आम्हाला द्या. अत्यंत दिलगीर आहोत, ती खासगी माहिती आहे.

मग वृद्धांच्या मदतीचं ऑफिस. तिथे टेप. वर्षअखेरच्या सुट्टीनिमित्त कार्यालय बंद असून चार जानेवारीपासून नेहमीप्रमाणे सुरू होईल. टेपवरची बाई तर फारच आनंदात होती.

"ॲम्ब्युलन्स बोलाव," काकू म्हणाल्या.

"काय सांगू?" मी विचारलं. "खिचडी घेतली नाही म्हणून?"

मी फोन हातात धरून बसले. आज वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते. त्या दिवसांत टीव्हीवर रोज सांगत होते, ॲम्ब्युलन्स कमी पडतायत, उगाच बोलावू नका.

काका बाल्कनीत गेले. इथे दोन घरांच्या बाल्कन्यांमध्ये एक पत्र्यासारखी पांढरी आडभिंत असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, की आणीबाणीत ही फोडून शेजारच्या घरात जावे. काका वर्षभर तिथे कपडे वाळत घालत होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"यावर नक्की काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं.

"आग असेल तर, असं लिहिलंय का?"

"नाही. आणीबाणी, एवढंच."

"मग ही आहे का आणीबाणी?" त्यांनी मला विचारलं. मला! मी दहावीतली.

"फोड ना, श्री!" काकू आतून ओरडल्या.

"आणि ती झोपलेली असली तर? परदेशी माणसाने म्हातारीची भिंत फोडली, म्हणून पोलीस आले तर? मार्चला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू आहे, व्हिसा आहे..." ते बोलता बोलता थांबले. हात तसाच भिंतीवर. ढकलला नाही, काढलाही नाही.

शेवटी मी आणि काका स्टेशनजवळच्या चौकीत गेलो आणि एका तरुण पोलिसाला घेऊन आलो. तो फार नम्र होता. त्याने दार वाजवलं, हाक मारली, टीव्हीचा आवाज ऐकला. मग म्हणाला, इतर शेजाऱ्यांना विचारतो. कुबोता-सान आधीच बाहेर येऊन उभे होते.

"मोरिता-सान. ठीक. आहेत," ते म्हणाले. "परवा पाटी आली. त्यांची सही होती. मी बघितली. मी नेहमी बघतो."

पोलिसाचे खांदे खाली आले. "परवा सही केली आहे? मग बहुतेक झोपल्या असतील," तो म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

काकांना यातलं एकच कळलं, सही.

"मैथिली, त्याला सांग."

"काय?"

"ती सही माझी आहे."

मी कुणाच्याही आवाजात काहीही बोलू शकते, पण हे कुणाच्या आवाजात बोलायचं ते मला सुचेना.

"मैथिली. सांग."

मी सांगितलं. कुबोता-सान काकांकडे बघत राहिले. "नान्दे?" का? एवढंच विचारलं त्यांनी.

काकांनी स्वतःच उत्तर दिलं, मोडक्या जपानीत. "मेइवाकु... नाइ योनि." त्यांना त्रास नको म्हणून.

कुबोता-सान ताठ उभे होते, ते थोडे कमी ताठ झाले. बस. पोलीस बाजूला जाऊन वॉकीटॉकीवर भराभर बोलायला लागला.

अग्निशमन दलाची माणसं काकांच्या घरातून बाल्कनीत गेली. त्यातल्या एकाने त्या पांढऱ्या भिंतीला एक लाथ मारली. एकच. पापड मोडावा तसा आवाज झाला. काकांनी तो तुकडा उचलून हातात धरला. आतून पोकळच होता. "इतकी पातळ," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "इतकी पातळ होती."

मोरिता-सान जिवंत होत्या. टीव्हीसमोर गोधडीत आडव्या. स्ट्रेचरवरून नेताना तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्यातून त्या प्रत्येकाला काहीतरी म्हणत होत्या. पोलिसाला, दलाच्या माणसांना, कुबोता-सानना, आम्हाला. मी वाकून ऐकलं. सुमिमासेन. माफ करा. ओळीने सगळ्यांना, कुणाला न वगळता.

ॲम्ब्युलन्स खाली नुसतीच उभी राहिली. आतला माणूस एका मागोमाग एक इस्पितळाला फोन करत होता. नाव, वय, लक्षणं. "हाय... हाय... सोउ देस् का." असं का. पुढचा नंबर. नाव, वय, लक्षणं. प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून तितक्याच नम्रपणे सुरू करायचा. काका दाराच्या काचेपाशी उभे होते. शेवटी कुठेतरी जागा मिळाली.

"कुठे नेताय, विचार."

विचारलं. "तुम्ही घरचे का?"

"शेजारी."

त्याने मान लववली. "मग मला सांगता येणार नाही." आणि दार लावलं.

वर आलो तर अद्वैत तुटलेल्या भिंतीसमोर उभा. आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून मराठीत बोलला, बहुतेक बाबांना नीट कळावं म्हणून. "बाबा, माझी सर्दी तिला लागली का?"

काकांचं सगळं आयुष्य कुणाचा ताप कुणाला लागला ते शोधण्यात गेलंय. कुठल्या घरातून कुठल्या घरात, कुठल्या पोराकडून कुठल्या आजीला. ते खाली बसले, अद्वैतच्या खिशात अजून एक मिकान होतं, सुकलेलं, त्याच्याकडे बघत राहिले.

"नाही रे," ते म्हणाले. "तसं काही नसतं."

जानेवारीत आम्ही फोन लावत बसलो. मी शाळेतून आले, की काका दारातच. आसपासच्या इस्पितळांना एक-एक करून विचारायचं, मोरिता नावाच्या आजी आहेत का. सगळीकडे वेगवेगळे आवाज. एक घोगरा, एक घाईतला, एक इतका प्रेमळ की मला वाटलं हा सांगेल. उत्तर एकच. घरच्यांशिवाय सांगता येत नाही, असल्या तरी आणि नसल्या तरी. कंपनीच्या गोड बाईने आमचा निरोप मुलाला पोचवला. मुलाकडून काही आलं नाही. तो कुठे असतो, कसा आहे, आम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून मी त्याच्याबद्दल काही लिहीत नाही. कदाचित त्याचंही काही असेल.

बाल्कनीत नवी भिंत बसवून गेले, वर तेच वाक्य. पलीकडे पडदे ओढलेले. नावाची पाटी दारावर तशीच. सामान न्यायला कुणी आलं नाही, भाडं कुठून तरी जात असणार.

"एकशेसाठ वर्षांपूर्वी कालव्याकाठी एक मेरी नावाची मुलगी होती," काका एकदा म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. "कुठल्या दिवशी ताप आला, शेजारच्या कुठल्या बाईने पाणी दिलं, कुठल्या गाडीतून नेली, सगळं सांगतो मी तुला. आणि ही भिंतीपलीकडची बाई आहे की नाही, ते मला कुणी सांगत नाही."

मला त्यांना हसवायचं होतं. मी कंपनीच्या बाईचा आवाज काढला, छताला लागणारा. काका म्हणाले, "छान करतेस," आणि आत गेले.

मार्चमध्ये मंडळाची वार्षिक सभा झाली. काका हान्च्यो म्हणून पहिल्या रांगेत, मी भाषांतर करायला शेजारी. अध्यक्षांनी वर्षाचा आढावा वाचला. सायकल स्टँड रंगवला. कबुतरांचा प्रश्न आटोक्यात. आणि मग आवाज जरा उंचावून: आजूबाजूच्या इमारतींमध्ये या हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे घरातच मृत्यू झाले, हे आपण जाणताच, पण मला कळवायला आनंद होतो, की आपल्या इमारतीत अशी एकही घटना नाही. शून्य. सर्व मजल्यांच्या प्रमुखांचे आभार.

टाळ्या झाल्या. लोक काकांकडे बघून वाकले.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. शून्य.

काकांनी हात मांडीवरून उचललेच नाहीत. "गल्ली बेस्ट," ते म्हणाले. मी पंपाच्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. मागच्या रांगेत कुबोता-सान बसले होते. ते पण टाळ्या वाजवत नव्हते.

त्यानंतर काकांच्या वर्षातली शेवटची पाटी निघाली. कागदावर मोरिता-सानचं नाव होतंच. त्यांनी घर सोडल्याचं कळवलं नाही, तोवर नाव काढता येत नाही, असं अध्यक्ष म्हणाले होते. जानेवारीपासून काका तो चौकोन रिकामा ठेवून पाटी हाताने पुढच्या घरी द्यायचे. या वेळी त्यांनी आपली सही केली, बाहेर आले आणि पाटी मोरिता-सानच्या दाराच्या कडीला अडकवली.

"काका, इथून कोण घेणार?"

"नियम काय आहे? शेजारच्या दाराला लावायची. लावली."

"पण मग पुढे जाणार नाही."

"नको जाऊ दे."

पाटी तिथेच राहिली. गॅलरीतून वारा आला, की कागद फडफडायचे, क्लिप दारावर टकटक करायची. अद्वैत शाळेतून आला, की तिच्याकडे बघायचा आणि सरळ घरी जायचा. मधल्या दोन घरांनी काही विचारलं नाही.

एका संध्याकाळी मी काकांकडे बसले होते, तेव्हा दारावर टकटक झाली. कुबोता-सान. ताठ.

"मोगे-सान. पाटी. अजून. आलेली नाही."

मी भाषांतर करायला उठले, पण काकांनी हाताने थांबवलं. ते मोज्यांवरच बाहेर गेले आणि शेजारच्या दाराकडे बोट दाखवून स्वतःच म्हणाले, "मोरिता-सान नो तोको." मोरिता-सानकडे आहे.

कुबोता-सान त्या दारापाशी गेले. बोट वरच्या कागदावर ठेवून चौकोन तपासायला लागले, वरून खाली, नेहमीसारखे. बोट दुसऱ्या चौकोनावर थांबलं. मग त्यांनी वाऱ्याने दुमडलेला कागदाचा कोपरा सरळ केला आणि क्लिप दाबून घट्ट बसवली.

"सोउ का," ते म्हणाले. अच्छा. पहिल्यांदाच हळू, कुणालाही ऐकू जाणार नाही असं.

आणि पाटी तिथेच ठेवून ते आपल्या दाराकडे गेले.